तिसऱ्या रविवारी तू जे ऐकून आलीस

कुसुम, परवा रविवारी मी लाझरसच्या घरी जाऊन आलो.

तू असतीस तर हातातलं काम तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली असतीस. मग म्हणाली असतीस, "चहा घेतलात की भांडून आलात?" चहा घेतला नाही आणि भांडलोही नाही. काय झालं ते सांगावं असं तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. तू जाऊन अजून महिना व्हायचाय. तुझी औषधं टेबलावर तशीच आहेत. अनिता रोज म्हणते, "पप्पा, मी ती टाकून देते," आणि मी रोज म्हणतो, उद्या टाक.

तू नोव्हेंबरात गेलीस. फादर म्हणाले, मृतांच्या महिन्यात बोलावणं आलं, भाग्याचं मरण. मी मान हलवली. शेवटचे आठ-दहा दिवस तुला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता, त्यात भाग्य कुठं होतं ते मला दिसलं नाही. आता नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागलाय. समोरच्या सोसायटीत तारे केव्हाच टांगून झाले. तू हे पाहिलं की चिडायचीस. "पाहुणा यायच्या आधीच पंगत उठवतात ही माणसं," म्हणायचीस. आपल्या घरात चौथा रविवार झाल्याशिवाय ना तारा, ना करंज्यांची कढई. आधी चार आठवडे वाट बघायची. यंदा कसली वाट बघायची ते मला कोणी सांगितलेलं नाही.

वडगाव शेरीत आपल्या आजूबाजूची पाच-सहा ख्रिस्ती घरं, सगळ्यांची मुलं सिस्टरांच्या एकाच शाळेत. नोव्हेंबर संपत आला की सिस्टर पालकांना बोलवायच्या आणि दरवर्षी तेच सांगायच्या. घराला रंग द्यायच्या आधी, कपडे शिवायला टाकायच्या आधी प्रार्थनेनं तयारी करा. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जाऊन या. चार रविवार, चार घरं. ज्या घराची पाळी तिथं संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, सुरूच्या फांद्यांच्या कड्यातली त्या आठवड्याची मेणबत्ती लावायची, वाचन, जपमाळ, मग चहा. पहिला रविवार डिसोझा टीचरांकडे, दुसरा मागच्या गल्लीतल्या पारख्यांकडे, तिसरा, गुलाबी मेणबत्तीचा, लाझरसकडे, आणि चौथा आपल्याकडे.

मुलांना आणखी एक काम असायचं. वर्गात एक रिकामी गव्हाण ठेवलेली असायची. कोणाला मदत केली, कोणाशी भांडण मिटवलं, की तिच्यात गवताची एक काडी टाकायची. नाताळपर्यंत बाळ येशूला निजायला मऊ अंथरूण झालं पाहिजे. आपला रॉबिन एकदा मूठभर गवत टाकून आला होता. तू विचारलंस, "एवढं काय केलंस रे?" तर म्हणाला, "पुढच्या आठवड्याचं आजच टाकलं. नंतर विसरायला होतं." तू पदर तोंडाला लावून हसत राहिलीस. मी त्याला रागे भरलो.

लाझरस तेव्हा शाळेची रिक्षा चालवायचा. आपल्या राहुरीकडचाच माणूस. मला भाऊ म्हणायचा, तुला वहिनी. त्याची शर्मिला रॉबिनच्याच वर्गात होती. रिक्षात मुलं कोंबून भरलेली असायची हे आपल्याला दिसत होतं, सगळ्या पालकांना दिसत होतं, आणि सगळेच सकाळी हात हलवून कामाला जायचो. अनिता वरच्या वर्गात, ती सायकलनं जायची. रॉबिन रिक्षानं.

ऑगस्टातली साधी सकाळ होती. नगर रोडच्या दुभाजकातली वाट नुकतीच बंद केली होती, वळायचं तर बरंच पुढं जावं लागायचं. लाझरसला उशीर झाला होता. त्यानं रिक्षा उलट्या बाजूनं घातली. त्या तेवढ्या तुकड्यात सगळेच घालायचे. गल्लीतून टेम्पो आला आणि रिक्षा उलटली. मागच्या मुलांना खरचटलं, शर्मिलाचा हात मोडला. रॉबिन पुढं होता, ड्रायव्हरच्या शेजारी. तो खाली सापडला. अकरा वर्षांचा होता. मी कंपनीतून तसाच दवाखान्यात पोचलो, तेव्हा तू बाकावर बसली होतीस आणि तुझ्या मांडीवर त्याचा एक बूट होता. तो तू माझ्या हातात दिलास.

लाझरसनं पोलिसांना सांगितलं की मागं जागा नव्हती म्हणून मीच पोराला पुढं बसवलं. ते ऐकलं आणि माझ्या रागाला टेकायला जागा मिळाली. स्वतःच्या पोरीला आत बसवलं आणि माझ्या पोराला पुढं काढलं. हे वाक्य मी कोर्टात बोललो, पालकांच्या बैठकीत बोललो, चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून बोललो. लाझरस खाली मान घालून ऐकायचा. भाऊ, तसं नव्हतं, असं एकदाही म्हणाला नाही. पुढं त्याला शिक्षा झाली, ती भोगून आला, लायसन गेलं, रिक्षा गेली. मला ती शिक्षा पुरेशी वाटली नाही.

त्या वर्षीही आगमनकाळ आला. त्याला काय.

मी म्हटलं होतं बैठकीला जायचं नाही. तू म्हणालीस, "अनिता अजून शाळेत आहे. तिला नाताळ आहे." गेलो. चार घरांची नावं ठरवताना तिसऱ्या रविवारी सगळे थबकले. कोणीतरी म्हणालं, यंदा तीनच घरं करू. तू उठून उभी राहिलीस.

"तिसरा रविवार लाझरसकडे असतो."

डिसोझा टीचर हळूच म्हणाल्या, "कुसुम, कोणी जाणार नाही गं त्याच्याकडे."

"मी जाईन."

घरी येताना रस्त्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, आपण लोकांसमोर भांडलो. मी म्हटलं, तुला त्याच्याकडे जायचं कारण काय? तू म्हणालीस, सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना. मी म्हटलं, सिस्टरांचं पोर गेलेलं नाही.

"माझं गेलंय," तू म्हणालीस. "म्हणून मी जाऊ शकते. दुसरं कोण जाणार?"

आणि गेलीस. एका हातात ते सुरूचं कडं, दुसऱ्या हातात डब्यात चार लाडू. बाकी कोणीच आलं नव्हतं, हे मला पारख्यांकडून कळलं. तू, लाझरस, त्याची बायको आणि मोडलेला हात अजून आखडलेली शर्मिला, एवढ्यांनीच ती गुलाबी मेणबत्ती लावलीत. तू परत आलीस तेव्हा मी दारातच होतो. पायातल्या चपलाही न काढता तू म्हणालीस, "अहो, लाझरसनं मला एक सांगितलं. रॉबिन शेवटी त्याच्याशी बोलला होता."

मी हात वर केला. "त्या माणसाच्या तोंडून आलेलं मला काही नको."

"रॉबिनचे शब्द आहेत ते."

"त्याच्या तोंडून आलेत ना? नको."

तू उंबऱ्यात तशीच उभी राहिलीस. मग चपला काढल्यास आणि दूध तापवायला आत गेलीस. त्यानंतर तो विषय तू कधी काढला नाहीस. मला वाटलं, बाईनं नवऱ्याचं ऐकलं. वीसेक वर्षं मला तसंच वाटत होतं.

पुढं दरवर्षी आगमनकाळाबरोबर आपलं तेच एक भांडण यायचं. तुझं म्हणणं, मनात एवढं घेऊन तुम्ही देवाच्या पोराचा वाढदिवस कसा करणार? माझं म्हणणं, माझ्या पोराचा वाढदिवस आता कोण करतं? तू पापनिवेदनाला जायचीस, मी जायचं सोडलं, कारण फादर काय सांगणार ते मला आधीच ठाऊक होतं. पापनिवेदन नाही म्हणून कम्युनियनची भाकरही नाही. रविवारची मिस्सा चुकवली नाही मी कधी, पण कम्युनियनची रांग लागली की सगळा बाक उठायचा आणि मी गुडघे आत घेऊन बसून राहायचो. माणसं माझ्या पायांवरून अवघडत पलीकडे जायची. तू परत येऊन शेजारी बसायचीस, डोळे मिटायचीस, आणि डोळे न उघडताच तुझा हात माझ्या गुडघ्यावर ठेवायचीस. त्या हाताबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. तो नसता तर मी चर्चला येणंही सोडलं असतं. हे तुला तू असताना सांगायला हवं होतं.

शर्मिलाला लाझरसनं शाळेतून काढली होती, कारण डबा खाताना कोणी तिच्या शेजारी बसेना. तिला हाताला धरून परत वर्गात नेऊन बसवणारी तूच. नाताळच्या कार्यक्रमात तिचे देवदूताचे पंख तू शिवलेस, तुझ्या पांढऱ्या साडीचे. मी त्या रात्री जेवलो नाही. तू माझं ताट झाकून ठेवलंस आणि म्हणालीस, "भूक लागली की खा. रुसवा उद्या पुरवा." अशीच होतीस. मोठ्या वादात हरायचीस आणि जे करायचं ते करून मोकळी व्हायचीस.

मग गेल्या वर्षीचा चौथा रविवार. पोटाचं दुखणं तोवर पक्कं झालं होतं, डॉक्टरांनी अनिताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि ते तुला ठाऊक आहे हे तू आम्हाला दाखवत नव्हतीस. सकाळी भाजी चिरता चिरता तू म्हणालीस, "आज संध्याकाळी मी लाझरसला बोलावलंय."

मी म्हटलं, "येऊ दे. मी बाहेर जातो."

"तुम्ही हवे आहात."

"तो आला तर मी नाही."

"अहो, एवढा एक रविवार."

तू आयुष्यात माझ्यापुढं फार कमी वेळा गयावया केलीस. ती त्यातली एक. मी शर्ट अडकवला आणि निघालो. वाघोलीची बस धरली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथं टपरीवर बसून राहिलो आणि पुढच्या बसनं परत आलो. घर आवरलेलं होतं. तू आडवी झाली होतीस, भिंतीकडे तोंड करून. म्हणालीस, "त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. भाऊ घरात नसताना त्यांच्या घरचं पाणी कसं पिऊ, म्हणाला." मी शर्ट काढून खुंटीला लावला. तू पुढं काही बोलली नाहीस. मला वाटलं, तू दमली आहेस.

यंदा तुला रॉबिनच्याच कबरीत ठेवलं. तीच तुझी इच्छा होती. कबर उघडली तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. सगळ्यांनी माती टाकली, लोक पांगायला लागले, तेव्हा भिंतीजवळ उभा असलेला लाझरस पुढं आला. केस पांढरे झालेत त्याचे, पाठीत वाकलाय. अनितानं माझा दंड घट्ट धरला. तिला वाटलं मी काही बोलेन. माझ्यात ताकद नव्हती. त्यानं मूठभर माती घेतली आणि ती तशीच धरून उभा राहिला. ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतोय. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की रॉबिन शेवटी काय बोलला ते तुला माहीत होतं. ते घेऊन तू खाली गेलीस. आता ते जगात फक्त या एकाच माणसाला माहीत आहे.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. जेवताना तेच, अंघोळ करताना तेच. माझ्या पोराचे शब्द एका माणसाजवळ आहेत, आणि तो माणूस म्हातारा झालाय. परवा दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर अनिताला म्हटलं, जरा जाऊन येतो, आणि वाघोलीची बस धरली. पारख्यांनी सांगितलं होतं, तिथल्या एका नव्या सोसायटीत तो वॉचमन आहे. इमारतीच्या मागं दोन खोल्या दिल्यात त्याला. बायको गावाला गेलेली, शर्मिला नर्स होऊन नाशिकला. तो एकटाच जमिनीवर मेथी निवडत बसला होता. मला पाहून उठला. हातात मेथीची जुडी तशीच.

"भाऊ," म्हणाला. खुर्ची पुसली.

मी बसलो आणि सरळ विचारलं, "रॉबिन काय बोलला होता?"

तो जुडीतली पानं खुडत राहिला. मग म्हणाला, "वहिनी सांगायला आल्या तेव्हा तुम्ही ऐकलं नाही."

"नाही ऐकलं. आता ऐकायला आलोय."

तो खाली बसला, माझ्या पायांशी. मला ते नको होतं, पण खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. "भाऊ, रॉबिन रोज मागायचा. काका, आज पुढं बसू? मी रोज नाही म्हणायचो. तुमची सक्त ताकीद होती. त्या दिवशी उशीर झालेला, पोरं मागं कालवा करत होती. तो आपला आपण पुढं येऊन बसला. मी बस म्हटलं नाही. पण उतर बी म्हटलं नाही."

"मग पोलिसांना का सांगितलंस, मीच बसवला म्हणून?"

"सांगतो ना." त्यानं मेथी बाजूला ठेवली. "रिक्षा पडली तवा तो शुद्धीत होता, थोडा वेळ. मी त्याचा हात धरला. रडत नव्हता. मला म्हणाला, काका, पप्पांना सांगू नका मी पुढं बसलो होतो."

मी जमिनीवरच्या मेथीच्या काड्यांकडे बघत राहिलो.

"मी म्हटलं, नाही सांगत. त्यानं परत विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. मग त्याला बोलता आलं नाही."

कुसुम, एकदा मी कंपनीतून येताना सिग्नलला त्याला रिक्षात पुढं बसलेला पाहिला होता. घरी आल्यावर पट्ट्यानं मारला होता. तू मध्ये पडलीस तर तुलाही बाजूला ढकललं. पुन्हा पुढं दिसलास तर तंगडं मोडीन, असं म्हणालो होतो. त्याच्या काळजीनंच मारलं होतं, हेही खरं. तू तिथं होतीस, तुला सांगायला नको. मी मात्र ते डोक्यातून असं पुसून टाकलं होतं की लाझरसच्या खोलीत बसल्यावर एकदम समोर आलं. तो उभा होता, मार खाताना दोन्ही हात कानांवर घेऊन, तसा.

माझं पोर रिक्षाखाली पडलं होतं आणि त्याला भीती वाटत होती ती माझी.

लाझरसनं पाणी आणून दिलं. मग उरलेलं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. म्हणाला, "पोराला शब्द दिला होता. तो पुढं होता हे तर लपत नव्हतं, म्हणून मीच बसवला असं पोलिसांना सांगितलं. पण वहिनी त्या रविवारी एकट्याच आल्या, मेणबत्ती लावली, तवा राहवलं नाही. वाटलं, आईला तरी सांगावं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. म्हणाल्या, बरं झालं ह्यांनी ऐकलं नाही. लाझरस, हे त्यांना सांगू नकोस. त्यांना राग धरायला कोणीतरी लागणार. तुझ्यावर धरू दे. हे कळलं तर स्वतःवर धरतील, आणि मग माझं पोरही गेलं आणि माणूसही गेलं. तुला झेपेल का?"

"आणि तू?"

"झेपेल म्हणालो. उलट्या बाजूनं रिक्षा घातली ती मीच भाऊ. तुम्ही बोलायचा त्यात खोटं काय होतं? थोडंच खोटं होतं. तेवढं झेपलं."

मग म्हणाला, "गेल्या वर्षी वहिनींनी बोलावलं ते ह्याच्यासाठीच. म्हणाल्या, मी आता फार दिवस नाही. मी गेल्यावर हे ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नको. आज मी त्यांना सांगणार हाय, तू समोर पाहिजेस. पण तुम्ही बाहेर गेलात."

आता तुझ्याशी बोलतो, कुसुम. दरवर्षीचं आपलं भांडण यंदा मला एकट्यालाच करायचंय, आणि यंदा ते वेगळं आहे.

तुला हा अधिकार कोणी दिला? माझा राग तू दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधलास आणि त्याला रोज वैरण घालायला मला मोकळं सोडलंस. त्या माणसाला मी चर्चच्या पायऱ्यांवर काय काय बोललो ते तू माझ्या शेजारी उभी राहून ऐकलंस. घरी येऊन मला जेवायला वाढलंस. दर डिसेंबरात मला म्हणायचीस, क्षमा करा, क्षमा करा, आणि मी स्वतः कशाची क्षमा मागायची तेच माझ्यापासून लपवून ठेवलंस. मी विचारलं नाही, हे खरं. पण तू एवढी वर्षं माझ्याशेजारी झोपत होतीस. एखाद्या दिवशी माझे हात धरून, तोंडावर हात ठेवून सांगता आलं असतं.

असं म्हणतो आणि पुढच्याच क्षणी वाटतं, तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं? त्या वर्षी मी काय करून बसलो असतो ते तुला माहीत होतं. मलाही आता माहीत आहे. मी कामावर गेलो, अनिताचं शिक्षण केलं, तिचं लग्न लावलं, नातीला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं. हे सगळं मी त्या रागाच्या जोरावर केलं आणि तो राग जपायला तू आणि लाझरसनं स्वतःला विकलंत. तुझे उपकार मानू की तुझ्यावर संतापू, हे काल दिवसभर ठरवत होतो. दोन्ही खरं आहे. दोन्ही ठेवून घे.

लाझरस मला थांब्यापर्यंत सोडायला आला. नगर रोडवर गाड्यांची रांग हलत नव्हती, बसला उशीर झाला. आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मग तो म्हणाला, "वहिनींना दिलेला शब्द मोडला मी." मी म्हटलं, "तिनं तो घ्यायलाच नको होता." बस आली. पायरीवर चढताना मी म्हटलं, "चौथा रविवार आमच्याकडे असतो." तो म्हणाला, "माहीत हाय भाऊ." येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. मीही ये म्हटलं नव्हतं. त्याला क्षमा केली का, असं तू विचारशील. मला कळत नाही. रिक्षा उलट्या बाजूनं त्यानं घातली होती, ते आजही तसंच आहे. पण त्याच्याबद्दल काहीही मनात आणलं की आता आधी त्यानं धरलेला तो हात दिसतो. शेवटी रॉबिनचा हात कोणाच्या तरी हातात होता. मी बाकी काही नाही तरी तेवढं कधीतरी विचारायला हवं होतं.

अनिताला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती नातीच्या शाळेची तयारी बघतेय. नातीच्या वर्गातही यंदा गव्हाण ठेवलीय म्हणे.

आज सकाळी एकटाच दफनभूमीत गेलो. तुमच्या दोघांच्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही. फुलं वाळून गेलीत, ती मी गोळा केली. मग उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "रॉबिन, तू पुढं बसला होतास ते मला कळलंय. मी रागावलेलो नाही." पलीकडे झाडं कापणारा माणूस वळून बघायला लागला. मी पुन्हा एकदा म्हणालो. काही झालं नाही. कसं होणार. गुडघे दुखायला लागले तसा परत फिरलो.

त्याला ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. तू त्याच्या शेजारीच आहेस. माझं हे एवढं एक काम कर, कुसुम. त्याला सांग, पप्पा रागावले नाहीत.